आमच्या डॉजचा हीटर

उकव्याला ट्रकमध्ये हीटर कशाला हवा, हा प्रश्न आजवर आम्हांला पुष्कळांनी विचारला आहे, आणि गेल्या काही वर्षांत तो आम्हीही एकमेकांना विचारीत असू. नागपूर-गोंदियाकडच्या पाहुण्यांना बालाघाट म्हटले की उन्हाळाच आठवतो. परंतु बालाघाटहून बैहरच्या रस्त्याला लागावे, गांगुलपाऱ्याचा तलाव मागे टाकावा आणि घाट चढून वर यावे, म्हणजे हवा निराळी लागते. पौषात कान्हाच्या कुरणांवर पहाटेचे दव गोठून पांढरे पडते, हे तिकडे गेलेल्या वाचकांनी पाहिलेच असेल. आमचा उकवा त्याच पठारावर आहे. इथे हिवाळ्यात शेकोटीवाचून सकाळ होत नाही.

लेखाच्या आरंभीच एक खुलासा करून ठेवतो. हा लेख आम्ही दोघा भावांनी मिळून लिहिला आहे. थोरल्याने छत्तीस वर्षे बैहर तालुक्यातल्या शाळांतून विज्ञान शिकविले. धाकट्याची सारी नोकरी नागपुरात बँकेत झाली. कोण कधी काय म्हणाले, यावर आमच्यात अजून एकमत नाही. म्हणून जे काही चुकले ते 'आम्ही' या एका शब्दाखाली समसमान वाटून घेतले आहे.

आमचे आजोबा 1928 साली वाईहून इकडे आले ते मँगनीजच्या खाणीवर हिशेबनीस म्हणून. या पट्ट्यात मँगनीजचा उद्योग त्याआधीच रुजला होता. 1896 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावाने ब्रिटिश कंपनीने तो आरंभला, पुढे तिची सी. पी. मँगनीज ओअर कंपनी झाली, 1962 साली मॉइल आली आणि 1977 साली ती पूर्णपणे सरकारच्या मालकीची झाली. उकव्याला रेल्वे नाही. खाणीतले खनिज चाळीसेक किलोमीटर घाटरस्त्याने बालाघाटला उतरवावे लागते. आजोबांची लेखणी वडिलांच्या हाती फार दिवस टिकली नाही. त्यांनी चाकच धरले. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण सारे इकडे राहिलो. त्याच्या पुढच्याच वर्षी वडिलांनी गोंदियाच्या एका वाहतूकदाराकडून दोन वर्षे वापरलेला डॉज ट्रक विकत घेतला आणि खनिजाच्या फेऱ्या सुरू केल्या.

हा डॉज मुंबईत कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात जुळवलेला. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने तिथे 1947 पासून गाड्या जुळविल्या जात. सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी, आणि तिचे धन टोक चासीला जोडलेले. त्या काळी ट्रक पुरा मिळत नसे. चासी, इंजिन आणि पुढचा दर्शनी पत्रा एवढेच हाती येई, केबिन मिस्त्री बांधून देत. आमची केबिन गोंदियाच्या सुतारांनी सागवानी चौकटीवर पत्रा ठोकून बांधलेली होती. ही सागवानी चौकट वाचकांनी लक्षात ठेवावी. आम्ही ती विसरलो म्हणून तर हा लेख लिहावा लागला.

हीटर मूळचा नव्हे. तो वडिलांनी जबलपूरहून जुन्या बाजारातून आणला. लढाईतल्या कुठल्याशा रुग्णवाहिकेचा तो आहे असे ते सांगत. खरेखोटे त्यांनाच ठाऊक. रचना साधी. इंजिनातले गरम पाणी दोन रबरी नळ्यांतून एका लहानशा रेडिएटरमध्ये फिरवायचे, त्यामागे विजेची मोटार आणि पंखा, पुढे दोन झडपा. पंखा फिरला की ऊब पायांशी येते. डॅशबोर्डाखाली एका आडव्या सागवानी फळीवर ही पेटी बसविलेली. आम्ही लहान असताना त्या झडपेशी कोणी बसायचे यावरून भांडत असू.

1986 साली ट्रक थांबला. 1998 साली वडील गेले. ट्रक परसातल्या छपराखाली उभा होता, त्याच्यावर कोंबड्या बसत. दोघेही निवृत्त होऊन हाती वेळ आला तेव्हा, म्हणजे 2024 च्या दिवाळीनंतर, आम्ही तो पुन्हा चालता करायचे ठरविले. धाकट्याने नागपूरचे घर दोन महिन्यांसाठी बंद केले आणि पानेपेटी घेऊन तो उकव्याला आला. चौऱ्याऐंशी वर्षांची आमची आई ओट्यावर खुर्ची टाकून बसे आणि आमचा उद्योग पाही. काही बोलत नसे.

इंजिनाची कथा इथे सांगत नाही. ते एका जुन्या जाणत्या मिस्त्रींनी खोलून दिले आणि ते निघालेही चांगले. आमच्या वाट्याला वायरिंग आले. जुन्या तारांवरचे सुती वेष्टण बोट लावताच झडत होते, आतले रबर पापडासारखे मोडत होते, आणि उरलेले उंदरांनी नेले होते. सहा व्होल्टची मोठी बॅटरी मिळविणे आता जिकिरीचे. म्हणून बारा व्होल्ट करायचे ठरले. एका मोडीत निघालेल्या जीपचा अल्टरनेटर आणला. त्यातल्या डायोडांना ऋण टोकच चासीला लागते, तेव्हा सगळ्या गाडीची धन-ऋण बाजू उलटी झाली. धाकट्याने आलेखाच्या कागदावर पाच रंगांत सुरेख नकाशा काढला. प्रत्येक तारेला क्रमांक, प्रत्येक टोकाला थिंबल, जुन्या गाडीत नव्हती ती आठ फ्यूजांची पेटी. आमच्या नकाशात जे नव्हते ते ट्रकमध्ये राहू द्यायचे नाही, असा आमचा नियम. जुन्या तारांचे तुकडे, पट्ट्या, क्लिपा सगळे एका तेलाच्या डब्यात टाकले. त्याच सपाट्यात केबिन खरवडली, पत्र्याला प्रायमर लावला, वर हिरव्या रंगाचे दोन हात दिले. हीटरची पेटीही रंगविली. ती फळीवर खडखडू नये म्हणून तिच्याखाली रबराच्या चकत्या घातल्या. इतका नीटनेटका ट्रक वडिलांच्या काळीही नव्हता, असे आम्ही एकमेकांना म्हणालो.

मार्गशीर्षात बॅटरी जोडली. दिवे लागले, हॉर्न वाजला, अँपिअरमीटरचा काटा उलटा फिरला तो तारांची अदलाबदल करताच सुलटा झाला. मग हीटरचा खटका दाबला. आतून एक बारीक कण्हण्यासारखा आवाज आला आणि पंखा जागचा हलला नाही.

आता सहा व्होल्टची मोटार बाराला थेट जोडण्याइतके आम्ही अडाणी नव्हतो. चालू असताना ती सुमारे सहा अँपिअर घेते असे धरले, म्हणजे सहा व्होल्ट वाटेत खर्ची घालायला एक ओहमचा रोध हवा, आणि त्यात छत्तीस वॅट उष्णता निघणार. तसा तारेचा जाड रोध आणून जोडलाही होता. धाकट्याची शंका वेगळी होती. धन-ऋण उलटे झाले म्हणजे मोटारही उलटी फिरायला हवी, आणि पंखा ऊब बाहेर टाकण्याऐवजी आत ओढील. यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. आत कायमचे लोहचुंबक असते तर त्याचे म्हणणे बरोबर ठरले असते. पण आमच्या मोटारीत चुंबकाच्या जागी तारेची गुंडाळी आहे. धन-ऋण बदलले की गुंडाळी आणि आर्मेचर दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो आणि फिरण्याची दिशा होती तीच राहते. अर्थात हा वाद फिरणाऱ्या मोटारीविषयी होता. आमची फिरतच नव्हती.

मग शोध सुरू झाला, आणि तो आम्ही अगदी शास्त्रोक्त केला. फ्यूज शाबूत. एक पाच वॅटचा लहान दिवा दोन तारांना जोडून टेस्ट लॅम्प केला. खटक्याच्या टोकाशी दिवा लागला. रोधाच्या पलीकडे लागला. मोटारीच्या तारेशी लागला. उरली परतीची बाजू, म्हणजे जिला कारागीर 'अर्थ' किंवा 'बॉडी' म्हणतात ती. मोटारीतून गेलेला प्रवाह तिच्या पेटीतून, पत्र्यातून, चासीतून बॅटरीकडे परततो. ती तपासायला दिव्याचे एक टोक थेट बॅटरीच्या धन टोकाला लावले आणि दुसरे हीटरच्या पेटीवर, रंग खरवडून. दिवा लागला. चांगला लागला. परतीची वाट ठीक आहे, असा निष्कर्ष आम्ही वहीत तारखेसह लिहिला. वीज येते आहे, वीज जाते आहे, तरी मोटार फिरत नाही. तेव्हा मोटारच बिघडलेली असणार.

मोटार काढली आणि बालाघाटला जाणाऱ्या एका ओळखीच्या चालकाबरोबर रिवाइंडिंग करणाऱ्या एका तरुणाकडे पाठविली. चार दिवसांनी ती परत आली. कार्बन नवे, बुशांना तेल, सहाशे रुपये. सोबत निरोप: गुंडाळी उत्तम आहे, सहा व्होल्टवर टेबलावर अर्धा तास चालविली. आम्ही बसविली. खटका दाबला. तेच कण्हणे.

त्यानंतर जे झाले ते लिहिताना बरे वाटत नाही. आम्ही त्या मुलाला फोन केला. टेबलावर अर्धा तास चाललेली मोटार घाट चढताच कशी मरते, असे विचारले. तो म्हणाला, "सरजी, मोटर में कोई खराबी नहीं है. गाड़ी में देखिए." आम्ही म्हणालो की गाडी आम्ही पाहिली आहे, आणि तुझ्या वयाइतकी वर्षे आम्ही वीज शिकविली आहे. न तपासताच पैसे घेण्याची चाल बरी नव्हे, असेही म्हणालो. पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग त्याने, पैसे परत पाठवितो, एवढेच सांगितले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच चालकाच्या हाती सहाशे रुपये आले. आम्ही ते घेतले.

त्या रात्री जेवताना आम्ही ठरविले की हीटर काढूनच टाकावा. ट्रक काही आता रात्रीच्या फेऱ्या करणार नव्हता. हौसेची गाडी, दसऱ्याला आणि लग्नाकार्याला बाहेर निघणार. उगाच फळीवर अडगळ कशाला? थोरल्याने तर तिथे लहानसे कपाट करता येईल असेही सुचविले.

आईने हातातला घास ताटात ठेवला. म्हणाली, "तो काढू नका रे. तो तुमच्या बहिणीचा आहे."

आम्हांला बहीण नव्हती. म्हणजे, आम्हांला तसे ठाऊक नव्हते.

आईने जे सांगितले ते आम्ही शक्य तितक्या तिच्याच क्रमाने देतो. लग्न 1958 सालचे. पुढच्या वर्षी मार्गशीर्षात पहिली मुलगी झाली, इथेच, उकव्याच्या घरी. बावीस दिवसांची असताना तिला ताप आला, छाती भरली, दूध घेईना. वडिलांनी रात्री खनिज खाली ओतले आणि रिकाम्या ट्रकमध्ये दोघींना घेऊन ते बालाघाटच्या दवाखान्याकडे निघाले. त्या वेळी केबिनला काचा नव्हत्या, दारांच्या जागी ताडपत्रीचे पडदे होते. घाटात वारा. आईने आपले लुगडे, घोंगडी, वडिलांचा कोट, सगळे तिच्याभोवती गुंडाळले. "घाट उतरलो तेव्हा मुठी गार झाल्या होत्या," आई म्हणाली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले की न्यूमोनिया आधीच बळावला होता, थंडीने गेली असे नव्हे, दिवसा आणली असती तरी सांगता आले नसते. "तुमच्या बाबांनी ते कधी मानले नाही."

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी वडील जबलपूरला गेले आणि गोणपाटात बांधून हा हीटर घेऊन आले. सुताराकडून दारे करून घेतली, काचा बसविल्या. इंजिनाचा थर्मोस्टॅट, जो आपल्याकडे गाडी तापू नये म्हणून लोक काढून फेकतात, तो त्यांनी मुद्दाम शोधून परत बसविला. पाणी पुरेसे तापले नाही तर हीटर कशाने ऊब देणार? त्यानंतर त्यांनी त्या मुलीचे नाव घरात काढले नाही. आईनेही काढले नाही. बारशाआधी आजारी पडली, तेव्हा नावही ठेवायचे राहिले होते.

आता आमच्या आठवणीतल्या कितीतरी गोष्टींचा अर्थ लागू लागला. कुणाच्या घरी रात्री-बेरात्री बाळंतपण अडले, कुणाचे मूल फणफणले, की लोक आमच्या दाराची कडी वाजवीत. खाणीतले मजूर, आसपासच्या गोंड-बैगा वस्त्यांतली माणसे, कोणीही. वडील डिझेल-पेट्रोलचा हिशेब दिवसा काटेकोर ठेवीत, त्या फेऱ्यांचा कधीच ठेवीत नसत. हॉर्न सहा-सहा महिने बंद असे, वायपर तर बहुधा नसेच. हीटर मात्र दर अश्विनात खोलून साफ होई. आम्ही ती त्यांची लहर समजत असू.

आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. मग आईनेच विचारले, "पण त्याची वेणी कुठे गेली?"

"कसली वेणी?"

"तांब्याची. पेटीच्या मागून निघून खाली जात होती. ते घट्ट करताना मीच बॅटरी धरायची."

बॅटरी म्हणजे हातातली, उजेडाची. (त्या कोरड्या सेलांतही मँगनीजच असते, मँगनीज डायऑक्साइड, भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले या कामाला वापरतात. आमच्या उकव्याचे पोलादाकडे जाते. विषयांतराबद्दल क्षमा असावी. खाणीच्या गावात वाढलेल्या माणसाला ही खोड असते.)

वेणी आम्हांला आठवली. उघड्या तांब्याच्या बारीक तारांची विणलेली, बोटभर रुंदीची, दोन्ही टोकांना कथलाने जडवलेली पट्टी. हिरवी पडलेली, तेलकट, कुठल्याच नकाशात न बसणारी. आम्हीच ती काढली होती. कंदील घेऊन परसात गेलो आणि तेलाचा डबा ओट्यावर उपडा केला. तारांच्या तुकड्यांखाली ती होती.

आणि मग, फार उशिरा, आमच्यातला विज्ञानशिक्षक जागा झाला. सकाळ होईपर्यंत आम्ही थांबलो नाही. हीटरचा खटका दाबून ठेवला, मोटार कण्हत असताना व्होल्टमीटरचे एक टोक हीटरच्या पेटीला लावले आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला. परतीची वाट खरोखर मोकळी असती तर काटा शून्याजवळ राहिला असता. तो नऊवर गेला. बॅटरीत साडेबारा व्होल्टही नव्हते आणि त्यांतले नऊ परतीच्या वाटेवरच संपत होते. मोटार आणि रोध यांच्या वाट्याला साडेतीन येत होते.

सागवानी फळी वीज वाहून नेत नाही. पेटीखालच्या रबरी चकत्या नेत नाहीत. नवा रंग नेत नाही. पेटी आणि डॅशबोर्डाचा पत्रा यांना जोडणारा एकच लहान स्क्रू होता, आणि त्याच्या आट्यांना रंगाआड कुठेतरी केसाएवढा धातू टेकत होता. त्याला बोट लावले तर चटका बसला. साधारण चार ओहमची ती अडचण. आमचा पाचवॅटी दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही; त्याला स्वतःलाच एकोणतीस ओहम रोध, त्यात चारांची भर पडली तर उजेड किंचित मंदावेल, डोळ्यांना कळायचेही नाही. सहा अँपिअर मागणाऱ्या मोटारीला मात्र तीच वाट बंद दारासारखी. ज्या चाचणीने आम्ही निष्कर्ष काढला ती चाचणीच या कामाला अपुरी होती. वाट रुंद आहे की नाही हे रिकाम्या हातांनी चालून समजत नाही. भार घेऊन गेले तरच समजते. टेबलावर त्या मुलाने मोटारीला दोन जाड तारांनी थेट जोडले होते. अर्थात ती चालली.

ओहमचा नियम थोरल्याने फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. गेऑर्ग ओहम स्वतः शाळामास्तर होता. 1827 साली त्याचे पुस्तक निघाले तेव्हा त्याच्याच देशात त्याची उपेक्षा झाली, आणि 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिले तेव्हा कुठे त्याला मान मिळाला. हेही आम्ही मुलांना दरवर्षी गोष्टीसारखे सांगत असू.

वडिलांना ओहम ठाऊक नव्हता. त्यांचे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. परंतु लाकडी केबिनवर ठोकलेल्या पत्र्याचा भरवसा नाही, हे त्यांना ठाऊक होते. पत्रा गंजतो, खिळे सैल होतात, चौकट पावसाळ्यात फुगते. म्हणून त्यांनी पेटीपासून थेट चासीपर्यंत स्वतंत्र वेणी नेली होती आणि ती दरवर्षी, बायकोला उजेड धरायला लावून, आवळून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी वेणीची टोके काचपेपरने घासली. चासीवर बोल्टाच्या जागी रुपयाएवढा रंग खरवडून लखलखीत लोखंड उघडे केले, वेणी आवळली, वरून ग्रीस लावले. खटका दाबला. पंखा असा सुटला की झडपेतून कोंबडीचे एक पीस आणि दोन वर्षांची धूळ आमच्या तोंडावर आली. व्होल्टमीटर पुन्हा लावला. नवाच्या जागी एक दशांश.

हीटर फिरला, पण सहाशे रुपये आमच्या खिशात होते. फोनवर जे बोललो ते फोनवर मिटविणे योग्य दिसेना, म्हणून आम्ही दोघे बसने बालाघाटला गेलो. मुलाचे दुकान म्हणजे एक टपरी, आत जेमतेम एक माणूस बसेल एवढी. आम्ही झालेली गोष्ट सांगितली, आमची चूक सांगितली, पैसे पुढे केले. त्याने ते घेतले. घेतले याचे आम्हांला फार बरे वाटले. माफीविषयी तो काही बोलला नाही. वाडवडिलांच्या वयाच्या माणसांनी हात जोडलेले त्याला अवघड होत होते, हे दिसत होते. मग त्याने विचारले, लोडवर ड्रॉप किती आला? नऊ म्हणताच तो हसला. पहिल्या दिवशी मोटार खोलली तेव्हाच त्याने चालकाला सांगितले होते की पेटीपासून चासीला एक जाड तार टाकून पाहा म्हणावे. चालक तेवढे सांगायला विसरला होता. आणि आम्ही फोनवर त्याला बोलू दिले नव्हते. "रोधाची जागा कुठे ठेवली?" हाही त्याचाच प्रश्न. फळीला लावला आहे म्हटल्यावर त्याने मान हलविली. छत्तीस वॅट लाकडापाशी ठेवू नका, पंख्याच्या वाऱ्यात पत्र्यावर बसवा, तो थंड राहील. परत येऊन तसे केले. फळीवर रोधाखाली तपकिरी डाग पडू लागला होता.

पौषात, संक्रांतीच्या चार दिवस आधी, आईला ट्रकमध्ये बसविले. पायरी उंच पडते म्हणून खाली पाट ठेवला. एकाने हात धरला, दुसऱ्याने मागून आधार दिला. तिला घाट उतरायचा नव्हता. "वरपर्यंतच जाऊ," म्हणाली. पहाटेची वेळ मात्र तिनेच धरली. साडेपाचाला निघालो. दोन्ही बाजूंच्या झाडीत धुके होते, दिव्यांच्या झोतात ते कापसासारखे दिसे. इंजिनाचे पाणी तापायला दहा मिनिटे लागली. मग धाकट्याने खटका दाबला.

आईने चप्पल काढून पाय झडपेशी नेले नाहीत. तिने हात नेला. उजव्या हाताचा तळवा झडपेसमोर उभा धरला, घाटाच्या माथ्यापर्यंत तसाच. माथ्यावर गाडी थांबविली, इंजिन चालू ठेवले. खाली बालाघाटकडचे दिवे धुक्यात नीटसे दिसत नव्हते. तिने त्या दिशेने पाहिले, किती वेळ ते आम्ही मोजले नाही. वळण्याआधी आम्ही विचारले, आणखी थोडे थांबायचे का?

"नको," आई म्हणाली. "आणि तो कमी कर आता. फार तापतो आहे."

आमच्या हीटरला वेग कमी-जास्त करायची सोय नाही. आम्ही तो बंद केला.